सुगंधाची पारख

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत 'उदबत्ती' आणि 'अगरबत्ती' असे दोन शब्द आहेत. दोन्हींचा अर्थ एकच. पण हे शब्द कोठून आले, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? 'उदबत्ती'तला 'ऊद' हा शब्द अरबी आहे. तुमच्या उर्दूतही तो आहे. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड. 'अगरबत्ती'तला 'अगर' हा संस्कृत 'अगरू' या शब्दावरून आला. ऊद आणि अगरू ही एकाच सुगंधी लाकडाची दोन नावे. एक अरबीतून आले, दुसरे संस्कृतातून. मराठीने दोघांनाही घरात जागा दिली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक उदबत्त्यांत हे लाकूड नसते, कारण ते फार महाग असते. नाव मात्र टिकून राहिले आहे.

या लाकडापासून अत्तर काढतात. त्या अत्तराचे शौकीन जगभर आहेत. ते भेटले की एकमेकांच्या मनगटावरचा वास घेतात, त्याची तुलना करतात, तासन्‌तास त्यावर बोलतात. काही लोकांना हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. मला तसे वाटत नाही. ही तुलना नीट केली तर ती एक चांगली शाळा आहे, असे माझे मत आहे. मात्र ती नाकाने, शब्दांनी आणि धीराने केली पाहिजे, किमतीने नव्हे. असे मी का म्हणतो, ते पुढे वाचा आणि पटते का ते तुम्हीच ठरवा.

आधी या झाडाची ओळख करून घेऊ. अगराचे झाड आपल्या देशात मुख्यतः आसाम आणि त्याच्या शेजारच्या राज्यांत आढळते. त्याचे निरोगी लाकूड फिकट रंगाचे आणि हलके असते. त्याला विशेष वास नसतो. मग सुगंध येतो कोठून? एक प्रकारची अळी झाडाचे खोड पोखरते. त्या भोकातून बुरशी आत शिरते. झाड आजारी पडते. या रोगाशी लढण्यासाठी झाड आपल्या लाकडात एक राळ तयार करते. वर्षे जातात, तसतसे तेथील लाकूड काळपट, जड आणि सुगंधी होत जाते. हाच ऊद. उत्तम प्रतीचा ऊद इतका जड असतो, की तो पाण्यात बुडतो. उर्दूतला 'गर्क' हा शब्द तुम्हाला माहीत आहे. त्यावरूनच अशा लाकडाला 'ऊद-ए-गर्की' म्हणतात.

या झाडाची कीर्ती जुनी आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' हा ग्रंथ लिहिला. कामरूपचा, म्हणजे आजच्या आसामचा, राजा भास्करवर्मा याने सम्राट हर्षाला पाठवलेल्या भेटींचे वर्णन त्यात आहे. त्या भेटींत अगराच्या सालीच्या पानांवर लिहिलेली पुस्तके होती आणि काळ्या अगरूचे तेलही होते. आसामात अगराच्या सालीवर पोथ्या लिहिण्याची पद्धत पुढेही अनेक शतके चालू राहिली. मोगल काळात अबुल फज्ल याने 'आईन-ए-अकबरी'त सुगंधांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यात अगराचीही माहिती दिली. संस्कृत पंडित असो की फारसी मुन्शी, या लाकडापुढे दोघांचीही लेखणी थांबलेली दिसते.

अत्तर काढण्याचे काम मोठ्या कष्टाचे असते. आसाममधील होजाई हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे लाकडाचा बारीक भुगा करून तो कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात. मग तो मोठ्या देगेत घालून मंद आचेवर उकळतात. वाफ नळीतून बाहेर येते, थंड होते आणि तिचे पाणी होते. त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. तो हलक्या हाताने गोळा करतात. पुष्कळ लाकडातून फार थोडे तेल निघते. म्हणून ते तोळ्याच्या मापाने विकले जाते. आपला हा 'तोळा' अरब देशांतल्या अत्तरांच्या दुकानांतही चालतो. एक तोळा म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम.

आता शौकिनांकडे वळू. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या परिसरात अत्तरांची जुनी दुकाने आहेत. रमजानचे शेवटचे दिवस आले, की तेथे गर्दी होते. दोन ओळखीचे शौकीन समोरासमोर येतात. सलाम होतो. तब्येतीची विचारपूस होते. मग हळूच प्रश्न येतो, "आज काय लावले आहे, भाईजान?"

"हिंदी. आणि तुम्ही?"

"कंबोडी."

ही उदाची घराणी समजा. 'हिंदी' म्हणजे आपल्या आसामकडचा ऊद. 'कंबोडी' म्हणजे कंबोडियाच्या जातीचा ऊद. अरब देशांतही हीच नावे चालतात. दोघे मनगट पुढे करतात. पहिला म्हणतो, "माफ करा, पण मला तुमच्या अत्तरात गुरांच्या गोठ्याचा वास येतो." दुसरा रागावत नाही. तो म्हणतो, "मला तो जुन्या चामड्यासारखा वाटतो. जुन्या पुस्तकाच्या जिल्दीसारखा." तेवढ्यात दुकानदार म्हणतो, "अर्धा तास थांबा, मग बोला." आणि खरोखरच, अर्ध्या तासाने गोठ्याचा वास मागे पडलेला असतो. लाकडाचा गोडसर वास पुढे आलेला असतो.

असे का होते? सुगंधी तेलात अनेक पदार्थ मिसळलेले असतात. त्यांतले हलके पदार्थ लवकर उडून जातात. जड पदार्थ त्वचेवर मागे राहतात आणि सावकाश उडतात. शिवाय हिंदी ऊद काढण्याआधी लाकूड पाण्यात दीर्घकाळ भिजवतात. तेथे ते आंबते. त्या आंबण्याचा उग्र वास सुरुवातीला जाणवतो. म्हणजे पहिल्या क्षणी जो वास येतो, तो त्या अत्तराचा पूर्ण परिचय नसतो. मराठीत एक म्हण आहे, 'उचलली जीभ, लावली टाळ्याला'. विचार न करता बोलणाऱ्याला उद्देशून ती वापरतात. उदाची तुलना करणाऱ्याला ही घाई चालत नाही. त्याला थांबावे लागते, पुन्हा वास घ्यावा लागतो आणि आधीचे मत बदलले तर तसे मोकळेपणाने सांगावे लागते. मित्रांनो, आपण माणसांबद्दल मत बनवताना तरी इतका धीर धरतो का?

दुसरी गोष्ट अशी, की एकाच अत्तराबद्दल दोन प्रामाणिक माणसांचे मत वेगळे असू शकते. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' असे आपण म्हणतो. विज्ञानही हेच सांगते. आपल्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. या ग्राहकांविषयीच्या संशोधनासाठी रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे ग्राहक सर्व माणसांत अगदी सारखे नसतात. म्हणून एकाला जो वास ठळकपणे जाणवतो, तो दुसऱ्याला कदाचित पुसट जाणवतो. त्यात आठवणींची भर पडते. ज्याचे बालपण गोठ्याजवळ गेले, त्याला गोठ्याचा वास घाणेरडा वाटेलच असे नाही. तेव्हा 'तुला काही कळत नाही' असे म्हणण्यापूर्वी, 'तुला काय जाणवले?' असे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

मग कोणीही काहीही म्हणावे, असा याचा अर्थ आहे का? मुळीच नाही. 'छान आहे' किंवा 'वाईट आहे' हे अर्धे मत झाले. कसे छान? कशासारखे? सुरुवातीला कसे आणि नंतर कसे? हे सांगता आले, तर मत पूर्ण होते. म्हणूनच शौकिनांच्या बोलण्यात मध, पिकलेले फळ, ओली माती, धूर, चामडे असे शब्द येतात. वास डोळ्यांना दिसत नाही, हातात धरता येत नाही. दुसऱ्यापर्यंत तो पोहोचवायचा तर शब्दच हवेत. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि शाळेत मराठी शिकता. तुमच्याजवळ शब्दांच्या दोन पेट्या आहेत. 'खुशबू' आणि 'सुवास', 'महक' आणि 'दरवळ' हे शब्द शेजारी ठेवून पाहा. पावसाच्या पहिल्या सरीने मातीचा वास दरवळतो. धुण्याला कुबट वास येतो. फोडणीचा खमंग वास सुटतो. अशा शब्दांनी नाकाला जणू जीभ मिळते.

येथपर्यंत सगळे चांगले झाले. परंतु या शौकाला एक वाईट खोडही जडते. ती म्हणजे किमतीची चढाओढ. काही जण वास घेण्याआधीच विचारतात, "तोळा कितीला?" किंमत ऐकली की त्यांचे डोळे मोठे होतात आणि नाक बंद होते. मग महागडे ते चांगले आणि स्वस्त ते टाकाऊ, असा सरळ हिशेब होतो. अशा लोकांना मराठीत 'नाकाने कांदे सोलणारे' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात ऐट असते, पारख नसते.

या ऐटीमुळे दोन नुकसाने होतात. पहिले नुकसान गिऱ्हाइकाचे. जो किमतीवर विश्वास ठेवतो, त्याला फसवणे सोपे असते. उदाच्या तेलात दुसरी तेले मिसळता येतात. ते काळे आणि दाट दिसेल अशी युक्ती करता येते. साध्या लाकडाचे तुकडे रंगवून ऊद म्हणून विकता येतात. खरे तर अत्तराची शुद्धता नुसत्या नाकाने सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. पण ज्याच्या नाकाला सवय आहे, त्याला निदान शंका तरी येते. ज्याने नाक वापरलेच नाही, त्याला शंकाही येत नाही.

दुसरे नुकसान त्याहून मोठे आहे, आणि ते झाडाचे आहे. जंगलातल्या थोड्याच अगर-झाडांत सुगंधी राळ तयार होते. कोणत्या झाडात ती आहे, हे बाहेरून नीट ओळखता येत नाही. किंमत वाढली, की तोडणाऱ्यांचा लोभ वाढतो. ते दिसेल ते झाड पाडतात आणि आत काही सापडले नाही, तर पुढच्या झाडाकडे वळतात. एका सुगंधी झाडासाठी कित्येक निरोगी झाडे आडवी होतात. असे होत होत आसामच्या जंगलांतून हे झाड जवळजवळ नाहीसे झाले. १९९५ पासून या जातीचा परदेश-व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. पुढे २००५ पासून अगराच्या सर्वच जातींना ते नियम लागू झाले. तरीही २०१८ मध्ये आसाममध्ये आढळणारी ही जात 'अतिशय धोक्यात असलेली' म्हणून नोंदवली गेली. आज आसामात अगराची झाडे मुख्यतः लोकांच्या परसांत आणि बागांत दिसतात. तेथे ती हौसेने आणि उत्पन्नासाठी लावली जातात. राळ तयार व्हावी म्हणून कधी कधी त्यांच्या खोडाला मुद्दाम छिद्रेही पाडतात. ही लागवड झाली नसती, तर हे झाड आपल्याला फक्त पुस्तकातच पाहावे लागले असते.

मग उदाची तुलनाच बंद करावी का? मला तसे वाटत नाही. तुलना बंद करण्याची गरज नाही, तिची रीत बदलण्याची गरज आहे. या बाबतीत जपानी लोकांकडून शिकण्यासारखे आहे. जपानात अगराचे झाड नाही. तेथे हे लाकूड नेहमी बाहेरूनच आणावे लागले. म्हणून त्यांनी त्याचा एकेक कण जपून वापरला. नारा या शहरात सरकारी ठेव्यात उदाचा एक प्रसिद्ध ओंडका आहे. त्याचे नाव 'रांजाताई'. तो सुमारे १५६ सेंटिमीटर लांब आणि ११.६ किलो वजनाचा आहे. १५७४ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराने त्याचा लहानसा तुकडा कापून घेतला. १८७७ मध्ये सम्राट मेइजी यांनीही एक लहानसा तुकडा घेतला. कोठून कापले, तेथे नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. एवढे सत्ताधारी, पण सगळा ओंडका कोणी उचलून नेला नाही! म्हणूनच तो आजही शिल्लक आहे.

जपानी लोक सुगंधाचा एक खेळही खेळतात. त्याचे नाव 'गेंजी-को'. पाच प्रकारच्या सुगंधी लाकडांच्या प्रत्येकी पाच, अशा २५ पुड्या करतात. त्या मिसळून त्यांतल्या कोणत्याही पाच उचलतात. एकेका पुडीतला चिमूटभर तुकडा गरम करून त्याचा सुवास सर्वांना क्रमाने देतात. शेवटी प्रत्येकाने एवढेच सांगायचे असते, की पाचांपैकी कोणते वास सारखे होते आणि कोणते वेगळे. गणिताची आवड असलेल्यांनी हिशेब करून पाहावा. याची ५२ वेगवेगळी उत्तरे होऊ शकतात. त्या प्रत्येक उत्तराला 'गेंजीची कथा' या जुन्या जपानी कादंबरीतल्या एकेका प्रकरणाचे नाव दिलेले आहे. या खेळात कोणता तुकडा किती महाग, असे कोणी विचारत नाही. आणखी एक मौज म्हणजे, ते सुगंध 'घेतला' असे म्हणत नाहीत, तर 'ऐकला' असे म्हणतात. जो ऐकतो, तो गप्प बसतो आणि लक्ष देतो. तुलना अशी असावी.

कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण हा श्रीमंतांचा नाद आहे. आमच्या घरी एवढे महाग अत्तर कोठून येणार?" ही शंका रास्त आहे. पण पारख करायला मालकी लागत नाही. अत्तराच्या दुकानात एक थेंब मनगटावर लावून बघायला बहुधा पैसे पडत नाहीत. पूर्वीपासून आपल्याकडे लग्नकार्यात पाहुण्यांना अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. ईदच्या दिवशी मोठी माणसे लहानांच्या मनगटाला अत्तर लावतात. तो सुगंध लावणाऱ्याचा जितका, तितकाच जवळ बसणाऱ्याचाही असतो. शिवाय पारख शिकायला ऊदच हवा, असे कोठे आहे? मोगरा आणि जाई, धने आणि जिरे, नवे पुस्तक आणि जुने पुस्तक यांचीही तुलना करता येते. नाक तयार झाले, की ते सगळीकडे उपयोगी पडते. दूध नासले का, गॅस गळतो का, हे सांगणारेही तेच नाक असते.

तुम्ही अत्तर लावाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकच वास सतत येत राहिला, की काही मिनिटांत आपल्या नाकाला तो जाणवेनासा होतो. आपल्याला वाटते, अत्तर उडून गेले. म्हणून आपण आणखी लावतो. शेजाऱ्याला मात्र ते असह्य होते. वर्गात कोणाला दमा असतो, कोणाचे डोके दुखते. सुगंध इतकाच असावा, की जवळ आलेल्याला तो आवडावा आणि लांबच्याला त्याचा त्रास होऊ नये. उदाचा तर एक थेंबही दिवसभर पुरतो.

मित्रांनो, झाडाला तो एक थेंब तयार करायला किती वर्षे लागली, हे आता तुम्हाला माहीत आहे. ज्याला हे माहीत असते, तो बाटलीचा गर्व करीत नाही. तो थेंबाची कदर करतो. 'कदर' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. पुढच्या वेळी कोणी मनगट पुढे करून "कसे वाटते?" असे विचारले, तर किंमत विचारू नका. वास घ्या, थोडे थांबा, पुन्हा वास घ्या आणि तुम्हाला जे खरोखर जाणवले, ते तुमच्या शब्दांत सांगा. मग त्यालाही विचारा, "आणि तुम्हाला काय जाणवते?"